दिलीपचं सरकतं काम

दुपारचं जेवण झालं की तासभर माझा फोन गप्प असतो. ही सोय दिलीपने करून दिलेली. दिलीप म्हणजे माझा धाकटा भाऊ. "ताई, या टायमाला जगातलं कोणीपण तुला उठवणार नाय," असं त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, आणि त्या जगातून स्वतःचा नंबर तेवढा वगळला होता. त्यामुळे मुरबाडला माझ्या घरी दुपारी फोन वाजला की तो दिलीपचाच, आणि त्याच्या फोनला काहीतरी नवीन फुटलंय हे सांगायलाच, हे ठरलेलं. त्या दुपारीही वाजला. मी डोळे मिटूनच उचलला आणि म्हटलं, "बोल, आता काय नवीन आलं तुझं?" पलीकडून मंदाचा, त्याच्या बायकोचा आवाज आला. "ताई, मी बोलतेय." पुढचं तिने सांगायच्या आधीच मला कळलं, कारण दिलीप स्वतःचा फोन कधी कोणाच्या हातात देत नसे.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं एवढी समज मला आहे, आणि दिलीपबद्दल चांगलं लिहायला पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की आधी राग येतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, दुःख असं रागासारखंच येतं म्हणून. असेल. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, मुलांवरचा राग आणि मुलांची काळजी यांतला फरक मला कळतो. हा सरळ राग आहे.

दिलीप आटगावच्या बाजूला एका कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम बघायचा आणि शहापूरला राहायचा. महागडा फोन त्याने आयुष्यात घेतला नाही. कुणाचा तरी वापरलेला फोन घ्यायचा, उघडून साफ करायचा, आणि त्यात जे जे येऊ शकतं ते ते आणायचं. नवा फोन बाजारात आला की तो फोन दिलीपकडे नसला तरी त्यावरचं दिलीपचं मत मात्र आमच्या घरच्या ग्रुपवर हजर. तेही लिहून नाही, बोलून. भाजी निवडता निवडता मी ते लांबलचक बोलणं ऐकत असे. कॅमेरा कसा आहे, बॅटरी दिवसभर पुरते का, मराठी बोललेलं त्याला समजतं की नाही, आणि शेवटी निकाल: "घाई करू नका मंडळी, अजून सहा महिने थांबा." मंडळींपैकी कोणीच तो फोन घेणार नव्हतं. माझ्या मुलाने एकदा विचारलं की मामा हे सगळं कुणासाठी सांगतो, तर दिलीप म्हणाला, "उद्या घ्यायची वेळ आली तं फसायला नको."

फोटोतलं नको ते पुसून टाकायची सोय आली तेव्हा त्याने माझ्या निवृत्तीच्या समारंभाचा फोटो हातात घेतला. कडेला एक निळा ड्रम दिसत होता, तो त्याला खुपत होता. ड्रम गेला, आणि त्याच्याबरोबर आमच्या मामांचा कोपरापासून पुढचा हातही गेला. त्या जागी फोनने आपल्या मनाने थोडी झाडी घातली. मामा अजून मला विचारतात, माझा हात झुडपात कसा गेला गो? मग ग्रुपवरच्या गप्पांचा सारांश काढून देणारी सोय आली. त्या वेळी आमच्या घरात बांधावरच्या आंब्यावरून मोठं भांडण चालू होतं, आठवडाभर सगळे तावातावाने लिहीत होते. दिलीपने फोनला सारांश काढायला लावला आणि तोच ग्रुपवर टाकला: आंब्याविषयी चर्चा झाली, काहीही ठरले नाही. सगळ्यांचा पारा चढला, पण त्यात खोटं काय होतं हे कोणाला सांगता येईना, आणि भांडण तिथेच निवलं. त्या दिवशी मला त्याचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

पण त्याचा खरा जीव होता तो कामांचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. एक सापडायचं, सगळं त्यात भरायचं, मग दुसरं त्याहून चांगलं सापडायचं, की सगळं उचलून तिकडे. जसं कुणी दर पावसाळ्यात बिऱ्हाड हलवावं. शेवटी एकावर तो स्थिरावला. आम्हा सगळ्यांना त्यात ओढलं, प्रत्येकाला एक रंग दिला. मंदा हिरवी, मी वांगी रंगाची. मी त्यावरून भांडलेसुद्धा. स्वतःला त्याने करडा घेतला, म्हणाला उरला तो घेतला. रविवारी सकाळी चहा झाला की आढावा. तो शहापूरहून बोलायचा, मी मुरबाडहून ऐकायची. माझ्या लोणच्यासमोर त्याने 'काम सुरू' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, अरे, लोणचं मुरतंय, त्यात मी काय काम करू? तर म्हणाला, "मग तिथं 'प्रतीक्षेत' टाकतो." या माणसाशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता.

"आठवण ठेवायचं काम फोनचं, ताई. आपण फक्त जायचं," हे त्याचं सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार. आणि जायचं तो खरंच. इथे मला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमचं मूळ गाव म्हशाजवळ. गावात, भावकीत कुठेही कार्य असलं की त्या घरचं माणूस अक्षता घेऊन दारात येतं आणि आवतण देतं. आवतण आलं की घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. लग्न असो, साखरपुडा असो, पूजा असो की दहावा; दहाव्याला अक्षता नसतात, नुसता निरोप येतो, पण नियम तोच. सगळं घर आलं नाही तर चालतं, पण एक तरी हवं. कोणीच आलं नाही तर त्या घराने नातं तोडलं असं धरतात, आणि मग ते वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. वडील होते तोवर ते जायचे. ते गेल्यावर आमच्या घरचा तो एक माणूस म्हणजे दिलीप. मी सासरच्या घरात मोजली जाते, मंदा शिवणकाम सांभाळायची. दिलीपने कधी तक्रार केली नाही. उलट त्याने ही रीतच सॉफ्टवेअरमध्ये घातली.

ते कसं, हे त्याने मला माझ्या ओसरीवर बसून दाखवलं होतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा मला आत्ताही दिसतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हेची कामं. काही पक्की, त्यांना कुलूप. काही सरकती. पक्कं काम ज्या दिवसावर येईल त्या दिवसावरचं सरकतं काम आपोआप पुढच्या मोकळ्या दिवसावर जाऊन बसतं, आपल्याला काही करावं लागत नाही. आवतण आलं की तो त्याला कुलूप लावायचा. माझी कामं, मंदाची कामं, गावच्या भातलावणीचे दिवस, सगळ्याला कुलूप. त्याने बोटाने एक हळद मंगळवारवर ठेवली, आणि मंगळवारचं करड्या रंगाचं एक काम टुणकन उडी मारून पुढच्या आठवड्यात गेलं. "बघितलंस? कसं सरकलं!" लहानपणी भोवरा हातावर घेतला की तो असाच बघायचा माझ्याकडे. मी विचारलं, ते करडं काम कसलं आहे? म्हणाला, "ते काय नाय, माझी तपासणी आहे."

कारखान्यात दरवर्षी डॉक्टर येतात, त्यांनी त्याच्या हृदयाचा कागद बघून सांगितलं होतं की कल्याणला जाऊन नीट तपासून घ्या. जिना चढताना त्याला थांबावं लागतं, हे मंदाने मला सांगितलं होतं. एवढंच काम. एक दिवस. तो दिवस त्या हळदीने खाल्ला. मग लावणीने खाल्ला. मग गणपतीत कुठे मोकळा दिवस असतो? मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. त्यासाठी तो मला कल्याणलाच घेऊन गेला, म्हणजे बघा. मी पट्टी बांधून बसलेली, आणि हा बाहेर नंबर दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभा राहून तिथल्या मुलीला समजावतोय की ही यंत्रणा आणखी सोपी कशी करता येईल. मी म्हटलं, इथंच आहोत तर तुझंही दाखवून घे. तर फोन पुढे धरून म्हणाला, "आज नाय गो, आज तुझं आहे. माझं गुरुवारी आहे ना." गुरुवारी धसईला कुणाचा तरी दहावा निघाला.

मी भांडले नाही असं कोणी समजू नये. मी शिक्षिका आहे, मला भांडता येतं. म्हशाच्या जत्रेला सगळे गावी जमलो होतो तेव्हा मी त्याला अंगणात धरला. बाहेर बैलांची वर्दळ चाललेली, घरात पाहुण्यांचं जेवण, आणि हा कुणाला तरी फोनमध्ये जत्रेचा नकाशा काढून देत होता. मी म्हटलं, दिल्या, ते कुलूप तुझ्या तपासणीला लाव, आत्ता, माझ्यासमोर. तो हसला. मी म्हटलं, हसू नकोस, लाव. तेव्हा तो जे म्हणाला ते मला अजून गिळता येत नाही. म्हणाला, "आपल्याच कामाला कुलूप लावलं तं लोकांनी जायचं कुठं, ताई?" आणि मग, माझी समजूत काढायला, "काम हरवत नाय ना. बघ, आहे की. फक्त पुढं गेलंय."

खरंच हरवलं नाही. इतकं इमानदार सॉफ्टवेअर मी पाहिलं नाही. त्याला सांगितलं होतं की या घरातलं सगळं महत्त्वाचं, हा एक माणूस सोडून. त्याने ते तंतोतंत पाळलं. लोक मला म्हणतात, फोनच्या नादाने गेला. चूक. फोनचं काही चुकलं नाही. फोन नसता तरी दिलीप असाच गेला असता, आवतण आलं म्हणून. फक्त फोन नसता तर त्याला कुठेतरी टोचत राहिलं असतं की आपण एक काम टाळतोय. फोनमुळे त्याला वाटत राहिलं की ते ठरलेलं आहे. मला राग याचा आहे.

त्या दिवशी तो किन्हवलीकडच्या एका गावी सत्यनारायणाला गेला होता. आवतण होतं. प्रसाद घेऊन घरी आला, तिथल्या घराला नवीन पद्धतीचं वीजमीटर बसवलंय त्याचं वर्णन मंदाला करत खुर्चीत बसला, आणि पाणी मागितलं. मंदा पाणी घेऊन आली तेव्हा तो खुर्चीतच होता, पण… तपासणी पुढच्या मंगळवारी होती.

त्याच्या दहाव्याला घरटी एक नाही, घरंच्या घरं लोटली. चुलीवरचं टाकून बायका आल्या. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही थोडं. पण त्या गर्दीकडे बघताना मनात सारखं येत होतं, तुमच्यातल्या एकाही घराने एकदा, फक्त एकदा, याला म्हटलं असतं की नाही आलास तरी चालेल.

ते कॅलेंडर आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये अजून आहे. सकाळी उघडलं की करड्या रंगाचं ते काम आजच्या तारखेवर बसलेलं दिसतं, आणि संध्याकाळी ते उद्यावर जातं. आता दिलीपचे सगळे दिवस मोकळे आहेत. तरी ते सरकतं, कारण झालं असं त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी मंदाला म्हटलं, पुसून टाक ते, बघवत नाही. ती शिलाई मशीनवर होती, पाय न थांबवता म्हणाली, "नाय पुसणार. मला रोज बघायचंय ते. राग उतरला तं मी रडत बसेन, आणि मंग माझ्याच्यानं उठवणार नाय." तेव्हापासून मी तो विषय काढलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी शहापूरला तिच्याकडेच होते. तिलाही हल्ली चालताना धाप लागते. मीच मागे लागून कल्याणच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली होती. दुपारी दारात येसूकाकू आल्या, आमच्या भावकीतल्या, गावाहून एसटीने. नातवाच्या लग्नाचं आवतण. हातात अक्षतांची पुडी. लग्न सोमवारी. मंदाने त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाली, "काकू, आमच्या घरातून कोणी येणार नाय. सोमवारी मला डॉक्टरकडं जायचंय."

आमच्या घराच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. काकूंनी ते मनावरच घेतलं नाही. "अगो, डॉक्टर काय, मंगळवारी पण बसतो," त्या म्हणाल्या. "घरटी एक तं पायजे. तुला जमत नसंल तं उभ्या उभ्या अक्षता टाकून जा."

"नाय जमणार, काकू."

"दिलीप असता तं आला असता गो."

"आले असते," मंदा म्हणाली. "म्हणून तं नायत ते."

काकूंचा हात पुडीवरच राहिला. म्हातारीला लागलं असणार, मला आत कुठेतरी त्यांची दया आली, पण मी मधे पडले नाही. मग काकूंनी पुडी उचलून मंदाच्या हातात ठेवली, तिची बोटं वरून मिटली, आणि विचारलं, "डॉक्टरकडं सोबत कोण हाय?"

मी म्हटलं, "मी आहे."