चंचीच्या बाह्या

मी सुई हातात घेतली की आमच्या घरातली माणसं आपापले कपडे आवरून धरीत. यात तिळाएवढी अतिशयोक्ती नाही. असलीच तर सुपारीएवढी असेल. दोरीवर जुनं धोतर दिसलं की मला त्यात दोन दुपटी, चार पिशव्या आणि उरलेल्या चिंधीची एक बाहुली दिसायची. धोतर मात्र दिसायचं नाही. आमच्याकडे एक गोधडी होती, तिच्यात कल्याणातल्या एकशे अकरा घरांचे तुकडे होते. ती पांघरली की कोणाच्या घरी आज काय शिजलंय ते वासावरून कळे.

कल्याणातले शिंपी मला लांबून येताना पाहून दुकानाच्या फळ्या लावीत. एकाने तर गिऱ्हाईक आत असतानाच लावल्या. ते बिचारं संध्याकाळपर्यंत छातीचं माप देत उभं होतं.

अशात आमच्या मुलीचं लग्न ठाण्याच्या मुलाशी ठरलं. आता लग्न म्हटलं की रुखवत आलं. मुलीकडच्या बायकांनी घरी केलेलं सगळं, लाडूंपासून कापडी बाहुल्यांपर्यंत, जानवसघरी नेऊन वरपक्षापुढे मांडायचं, आणि वरपक्षाच्या बायकांनी त्याला नावं ठेवायची. मी ठरवलं, नावं ठेवायला जागाच ठेवायची नाही. चिंध्यांचा हत्ती केला, पोटात सावरीचा कापूस भरला. तो इतका हुबेहूब झाला की शेजारच्या गाईने त्याला वाट दिली. पोपट केले, तोरण केलं, नवरा-नवरी केली. राहिली फक्त व्याह्यांसाठी चंची, म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी. व्याही पानाचे मोठे शौकीन. ते बोलायला लागले की आधी सुपारी बाहेर यायची, मग शब्द. अशा माणसाची चंची मजबूत कापडाचीच हवी.

कल्याणात फळ्या लागलेल्या. मग मी आगगाडीत बसून ठाण्याला गेले आणि पेठेतल्या शिंप्याच्या ओट्यावर ठाण मांडलं.

"बाई, कात्रण नाही," तो म्हणाला.

"नसू दे. मी बसते."

"किती वेळ बसणार?"

"मला काय, गाडी संध्याकाळची आहे. तोवर तुमचं हे काज किती वाकडं आलंय ते सांगते."

दोन काजं आणि एक गळा मी सांगून काढला. तिसऱ्या काजाला त्याने बैठकीखालून जांभळ्या बनातीचा चांगला हातभर तुकडा ओढून काढला नि माझ्या ओटीत टाकला. "घ्या, पण उठा!" तुकड्याच्या एका कडेला पिवळी किनार होती. असलं उंची लोकरी कापड मी जन्मात कापलं नव्हतं. येताना मुंब्र्याच्या बोगद्यातल्या अंधारातसुद्धा मला ती जांभळी बनात दिसत होती, असं मी तेव्हाही सांगायची आणि आताही सांगते.

चंची झाली. सहा कप्पे, वर पिवळ्या किनारीचा गोट, गुंडाळायला रेशमी नाडी.

लग्नाच्या आदल्या दिवशी ठाण्याची मंडळी आली. सीमांतपूजनाला व्याही पुढे झाले. व्याह्यांच्या अंगात नवाकोरा, पिवळ्या किनारीचा डगला होता. जांभळ्या बनातीचा. आणि बाह्या कोपराखाली चार बोटांवर संपलेल्या! खाली हात अगदी उघडे, मुळ्यासारखे.

"ही साहेबी तऱ्हा आहे," व्याही सगळ्यांना सांगत होते. "मुंबईला बडे साहेब अशाच बाह्या घालतात. वारा लागतो."

खरं काय ते माझ्या एकटीच्या लक्षात आलं. शिंप्याने व्याह्यांना कापड कमी पडल्याचं सांगितलं होतं, आणि कमी पडलेलं कापड माझ्या रुखवतात होतं. मी धावत घरी आले नि चंची लाडवांच्या डब्याच्या तळाशी पुरली. हळद लागलेली मुलगी घरात. व्याही रुसून वऱ्हाड घेऊन परत गेले, तर तिला पुन्हा कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी जानवसघरी रुखवत मांडलं, गडबडीत तो लाडवांचा डबासुद्धा. विहीणबाईंनी हत्तीला नाव ठेवलं, पोपटाला नाव ठेवलं. मग लाडूला नाव ठेवण्यासाठी त्यांनी तळातला लाडू काढायला हात घातला आणि वर आली चंची.

"अगबाई! ही हो कशाची?"

व्याह्यांनी ती घेतली. उलगडली. कप्पे पाहून आधी डोळे चमकले. मग त्यांनी ती आपल्या बाहीशेजारी धरली. जांभळ्याला जांभळं लागलं, किनारीला किनार. तोंडातली सुपारी तोंडात राहिली.

"माझी बाही!" ते ओरडले. "आमचीच बाही कापून आम्हालाच आहेर करता? बाह्या मिळाल्याशिवाय मी मांडवात पाऊल टाकणार नाही! चला रे, सामान बांधा!"

आमची स्वारी मुलीचा बाप असून खांबाला टेकली ती टेकलीच. मुहूर्त गोरज, आणि सूर्य तळ्यापलीकडच्या झाडांना टेकायला आलेला.

व्याह्यांशी मी थेट बोलण्याची रीत नव्हती. मी दाराआड उभी राहिले आणि विहीणबाईंना सांगू लागले, तेही चौकापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

"विहीणबाई, व्याह्यांना सांगा, कापड शिंप्याने दिलंय. कोणाचं ते त्याने सांगितलं नाही नि मी विचारलं नाही. चुकलं माझं."

"अहो, त्या म्हणतात चुकलं," विहीणबाई.

"ऐकलं मी! बाह्या!"

"विहीणबाई, त्यांना सांगा, बाह्या आत्ता जोडून देते. पण काल तर साहेबी तऱ्हा म्हणत होते ना? मग आता सगळ्या वऱ्हाडाला सांगायचं का, की ती तऱ्हा नव्हती, कापड कमी पडलं होतं?"

मग डगला दाराच्या फटीतून माझ्या अंगावर येऊन पडला.

"किती वेळ लागेल, विचार त्यांना," आतून आवाज आला. आता तो बराच खाली उतरला होता.

मांडवात घटिकापात्रावर माझी जाऊबाई बसली होती. पाण्याच्या घंगाळात भोकाची वाटी तरंगत असते, ती भरून बुडली की घटका झाली. पोरांहाती तिचे निरोप येत होते: "वाटी अर्धी भरली!" मी सुईत दोरा ओवला. कप्पे उसवायला वेळ कुठला? चंचीचे मधोमध दोन तुकडे केले नि एकेका बाहीला एकेक जोडला, कप्प्यांसकट. सुई इतकी भरभर चालली की दोऱ्यातून धूर येत होता. "वाटी बुडत आली!" मी शेवटचा टाका दाताने तोडला. त्या दिवशी वाटी बुडायला एरवीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला, असं भटजी म्हणाले. जाऊबाईचं एक बोट मात्र रात्रीपर्यंत सुरकुतलेलं होतं. मी काही विचारलं नाही.

व्याही मांडवात आले. मनगटापर्यंत बाह्या, एकेका बाहीला तीन तीन कप्पे, शेवटी पिवळी किनार. सगळा मांडव बघत राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि व्याह्यांनी डाव्या बाहीतून अक्षता काढून टाकल्या. दुसऱ्या कडव्याला उजव्या बाहीतून. लग्न लागलं, टाळ्या झाल्या, तेव्हा लवंग कुठल्या बाहीतून आली ते मला दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. मुलगी सुखरूप ठाण्याची झाली होती.

महिन्याभरात ठाण्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी शिंप्याकडे तसल्याच बाह्या मागितल्या. काहींनी तर अडकित्त्याचा कप्पा वेगळा करवला. शिंप्याचं नशीब उघडलं.

पण व्याही ते व्याहीच. दिवाळसणाला विहीणबाई नि जावयाबरोबर आले, फराळ केला, आणि दाराकडे तोंड करून विहीणबाईंना म्हणाले, "त्यांना सांग, बाह्या माझ्याच होत्या, त्या मला मिळाल्या. रुखवतातली चंची मात्र अजून मिळाली नाही."

मी आत गेले आणि चंची आणून दिली. करड्या बनातीची, सहा कप्प्यांची. व्याही खूष. मग त्यांची नजर आमच्या स्वारीकडे गेली. स्वारी पाहुण्यांना पान देत होती, अंगात दिवाळीचा नवा करडा डगला, आणि बाह्या कोपराखाली चार बोटांवर.

"साहेबी तऱ्हा आहे," स्वारी गंभीरपणे म्हणाली. "वारा लागतो."