कमांडरच्या नव्या वाटा

कमांडर आयुष्यात एकदाही लष्करात नव्हता. नाशकात कॉलेज रोडवर त्याचं नळ, कमोड आणि वॉश बेसिनचं दुकान होतं. पण रविवारी सकाळी सहा खिशांची हिरवी पँट, दुर्बीण आणि छातीवर लटकणारी शिट्टी अशा थाटात तो फाटकाबाहेर आला, की शेजारपाजारचे हसू दाबत म्हणायचे, "कमांडर निघाले." त्यातली थट्टा त्याला कधी कळली नाही. उलट पुढे त्याने ते नाव गाडीवर रंगवून घेतलं.

नव्वदच्या दशकात ही गाडी म्हणजे एक जुनी जीप होती. नंतर तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याने मुंबईहून एटीव्ही आणवली. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, डोक्यावर छप्पर नाही. हरसूलकडची माणसं तिला ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणत. ती रस्त्यावर चालवायला परवानगी नव्हती. म्हणून ती टेम्पोत चढवायची, डोंगराच्या पायथ्याशी उतरवायची, दोन तास चिखलात घुमवायची आणि पुन्हा टेम्पोत घालून घरी आणायची. गुरं ज्या वाटेने रोज जातात त्या वाटेने जायला एवढा खटाटोप करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्यासाठी वाटा शोधायचो मी. पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो आणि नोकरीत निम्मा जिल्हा पायी तुडवला होता. कमांडर मला "नकाशे" म्हणायचा. माझं खरं आडनाव त्याने कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात मी एसटीने जाऊन एकेक वाट चालून बघायचो. दगड सुटे की घट्ट, ओढ्यात गाडी उतरेल का, वळायला जागा आहे का. मग ट्रेसिंग पेपरवर लाल रेघ काढून द्यायचो. खोटं कशाला बोलू, मला ते काम फार आवडायचं. नुसता चढ असून भागत नाही. चढानंतर जरा सपाटी हवी, मग वळण, आणि वळणापलीकडे एकदम दरी उघडली पाहिजे. अशी वाट सापडली की मी आठवडाभर खुशीत असायचो.

"जिथे कुणी गेलेलं नाही तिथे जायचं, नकाशे," हे कमांडरचं ठरलेलं वाक्य. अशा प्रत्येक ठिकाणी समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एखादी बाई येत असायची. कमांडर शिट्टी फुंकायचा, बाई अंग चोरून बाजूला व्हायची, आणि तो मागे बसलेल्या मला ओरडून सांगायचा, "एकदम व्हर्जिन ट्रेल!"

हरसूलच्या पलीकडे एका पाड्यामागची टेकडी मी अशीच मे महिन्यात हेरली. पायथ्याच्या जमिनीवर राब भाजल्याची काळी राख होती. म्हणजे पावसाळ्यात तिथे भाताचं रोप टाकणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी रेघ तिथूनच काढली, कारण वळण तिथे झकास बसत होतं.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही गेलो तेव्हा रोप वीतभर झालं होतं. कमांडरने गाडी सरळ त्यात घातली. मधोमध चाकं रुतली, तशी तो गाडी मागे-पुढे करत सगळा वाफा घुसळत राहिला. एक बाई धावत आली. तिचं नाव सोमीबाई, हे मला नंतर कळलं.

"आवं, रोप हाय ते! दिसत नाय का?"

"बाई, घाबरू नका. गवत काय, परत येतं."

"गवत?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "ह्यांला भात खायाला लागत नाय का?"

मी खाली बघितलं. तेवढ्यात चाकांना पकड मिळाली आणि आम्ही निघालो. मी गाडीवरून उतरलो नाही.

तेव्हाच त्याचा नाद सोडायला हवा होता. पण दिवाळीनंतर कमांडर म्हणाला, "ती वाट अर्धी राहिली," आणि मी गेलो. टेकडीच्या वरच्या चढावर मी रेघेशेजारी स्पष्ट लिहिलं होतं, 'उतरून ढकलणे.' मी उतरलो. कमांडर उतरला नाही. सुट्या दगडांवर गाडी मागे उलटली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

मी पळत पाड्यावर आलो, तर पहिली भेटली ती सोमीबाई. पेंढा बांधत होती. वर गाडी उलटून माणूस पडलाय, असं मी सांगितलं.

"कोण, त्योच का शिट्टीवाला?"

"हो."

तिने हातातली पेंढी बांधून बाजूला ठेवली. मग तिने नवऱ्याला आणि दिरांना हाक मारली. बांबूला घोंगडी बांधून त्यांनी झोळी केली आणि चौघांनी कमांडरला तास-दीड तास वाहून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. सोमीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बरोबर चालत होती. झोळीतून कमांडरचं सुरूच होतं, "लेफ्ट घ्या, लेफ्ट! इकडून शॉर्टकट आहे."

"साहेब, तिकडं कडा हाय," एक दीर शांतपणे म्हणाला.

टेम्पोत निजवल्यावर हा माणूस मला म्हणतो, "नकाशे, त्यांना सांग, गाडीला हात लावू नका."

मी ते सांगितलं नाही. सोमीबाईला विचारलं, "लावणीला रोप मिळालं का?"

"भावकीनं उरलंसुरलं दिलं. निम्मं रान पडीक ऱ्हायलं."

"ती वाट मीच काढून दिली होती," मी म्हणालो.

"म्हाईत हाय की. उन्हाळ्यात तुमी पायी आलता. म्या पाणी दिलतं तुमाला."

मला ते आठवत नव्हतं.

हॉस्पिटलात कमांडर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, की एवढ्या वेदनेतही त्याने रस्ता दाखवत टीमला खाली कसं आणलं. मी स्टुलावर बसून दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी उठलो. "पुढच्या सीझनला इगतपुरीकडे बघून ठेव," तो मागून म्हणाला. मी वळलो नाही आणि पुन्हा कधी त्याच्याकडे गेलो नाही. दोन वर्षांनी तो पुण्याला मुलाकडे राहायला गेला आणि तिथेच वारला, असं कळलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

पण राग खरा वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या फुशारक्या मारणाऱ्या माणसाची पँट, त्याचं हसणं, चढ संपल्यावर आनंदाने माझ्या पाठीवर मारलेली त्याची थाप, सगळं मला जसंच्या तसं आठवतं. सोमीबाईने मला पाणी दिलं, माझ्यासमोर उभं राहून जाब विचारला, दीड तास माझ्याबरोबर चालली. आज ती नाशकात समोरून आली, तर मी तिला ओळखणार नाही.