तोंड हुंगणाऱ्या बाई

आमच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहिलेल्या मुख्यसेविका बाईंइतकी तिरसट बाई साऱ्या मराठवाड्यात दुसरी झाली नसेल. आणि झालीच असेल तर तिला वेळेवर गप्प बसायची अक्कल तरी असेल. या बाईंना ती नव्हती. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, विकासाच्या जीपा गावोगाव धुरळा उडवत होत्या, आणि त्यातल्याच एकीनं ही तुळजापूरची विधवा आमच्या ईट गावाला आणून सोडली. काम काय, तर खुरपणीला, सुगीला जाणाऱ्या बाया ज्या चार घरी लेकरं ठेवत, तिथल्या बायांना लेकरं सांभाळायला शिकवायचं. मी मास्तरांची बायको, पदराआड हसले. "आता शेळीला पाला खायला शिकवा," असं आमचे हे म्हणाले.

शिकवणं म्हणजे तरी काय? रांगायला लावणं! बाई दारात आल्या की घरच्या बाईला हुकूम, "खाली बसा, रांगा. लेकराच्या डोळ्यांनी घर बघा." कासोटा आवळून थोराड बाया घरभर रांगायच्या, आणि मग त्यांना कोपऱ्यातला विळा, चुलीबाहेर आलेलं जळतं लाकूड, उघडा रांजण दिसायचा. त्या चौघींतल्या हौसाबाईला रांगताना सासूची हरवलेली नथ जात्यामागं सापडली, तेव्हा कुठं गावात बाईंची पत वाढली. नमस्कार-चमत्कार नाही, चहाला नकार, आधी एकेका लेकराचं तोंड हुंगायच्या. आमच्याकडं रीतच होती, लेकरू किरकिरलं की अफूचं बोट चाटवायचं. ते पडून राहतं, बाई कामाला मोकळी. वास आला की बाई अख्खी आळी डोक्यावर घ्यायच्या. पाटलाच्या सुनेलासुद्धा सोडलं नाही त्यांनी. पण वर्षभरात चारही घरांतून तो वास गेला, हे खरं. सगळ्यांत तयार झाली ती हौसाबाई. बाई तिच्यावर खूश होत्या, म्हणजे तिला इतरांपेक्षा कमी बोलायच्या.

ऐन सुगीत मोठे साहेब पाहणीला आले. त्यांना पटलं तर घरं चालू, नाहीतर बंद. बाईंनी साहेबांना थेट हौसाबाईकडं नेलं. घर लख्ख सारवलेलं, आणि पाच-सहा लेकरं ओळीनं गाढ झोपलेली. साहेब हरखले. "वा! काय ही शिस्त! अशी घरं मी तालुकाभर काढतो."

बाई सवयीनं वाकल्या. एकाचं तोंड हुंगलं, दुसऱ्याचं हुंगलं. सगळ्यांत धाकट्याला उचललं तर त्याची मान लटकली.

"साहेब, ही शिस्त नव्हे, अफू आहे. जीप द्या, याला दवाखान्यात न्यायचंय."

हौसाबाई कपाळ बडवत म्हणाली, "सायबापुढं लेकरं रडली तर तुमचीच अब्रू जाईल म्हून म्या जरासं चाटवलं हो बाई! तुमच्यासाठीच केलं."

पाहुण्यापुढं घर शांत पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. जीप गेली, लेकरू वाचलं, आणि महिन्याच्या आत चारही घरं बंद झाली. बाई तालुक्याला खेटे घालून भांडल्या. "चुकलेल्या बाईला पुन्हा शिकवायचं असतं. घरं बंद केल्यावर लेकरं जातील कुठं?" साहेब म्हणाले, "इमारत बांधू." बांधली की! तिच्यात आता पाटलाचा कडबा असतो.

बाईंची बदली झाली तेव्हा एस.टी.पर्यंत पोचवायला मी एकटी. हौसाबाईनं तर दारच लावून घेतलं होतं. मी चिडून म्हटलं, "एवढी वर्षं जीव तोडून राबलात, हाती काय आलं?" बाई वळकटी सावरत म्हणाल्या, "जीपमध्ये त्या धाकट्याचा श्वास सापडत नव्हता हो मला." बस्स, एवढंच. डोळ्यांत पाणी होतं की धुरळा, मी विचारलं नाही. पुढं त्यांचा ठावठिकाणाही कळला नाही, आणि आम्ही मेल्यांनी कधी चौकशी केली नाही.

तो धाकटा आता आमच्या ह्यांच्या वर्गात आहे. त्याची तान्ही बहीण मात्र आईबरोबर शेतात जाते, आणि भर उन्हात बांधावर कशी निपचित पडलेली असते, ते मी येता-जाता बघते. शाळा आमच्या भिंतीला लागून. तो पोरगा वर्गात एवढी बडबड करतो की हे छडी आपटून ओरडतात, "गप बस रे!" मी इकडं पोळ्या लाटता लाटता मनात म्हणते, बोल बाबा, बोल.