घंगाळ नेमकं कुणाचं?

"कुणी घासलं हे?" मी दारातूनच विचारलं.

हॉलमध्ये धुतलेल्या चादरीवर तांब्याचं घंगाळ लखलखत होतं. घंगाळ म्हणजे पूर्वी आंघोळीचं पाणी काढायचं ते पसरट भांडं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. चिंचेचा वास अजून येत होता.

मी जुन्या वस्तूंची व्हॅल्यूअर. वस्तू खरंच किती जुनी आहे ते तपासते आणि तसं सर्टिफिकेट देते. पुण्यात या धंद्याला मरण नाही, कारण निम्म्या शहराकडे पेशव्यांनी दिलेलं काहीतरी असतंच. एवढं वाटत बसल्यावर त्यांना राज्य करायला वेळ कधी मिळाला, देव जाणे.

करंबेळकर सर कसबा पेठेतले, निवृत्त भूगोल शिक्षक. रविवारी त्यांचं कुलसंमेलन होतं. घंगाळ स्टेजवर ठेवायचं होतं, मागे फ्लेक्स: 'आमच्या मूळपुरुषास पेशव्यांकडून मिळालेले'. फ्लेक्स छापून आलाही होता. फक्त माझी सही राहिली होती.

फोनवर मी बजावलं होतं, पुसूसुद्धा नका. जुन्या तांब्यावर काळपट थर चढतो, त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. तो चढायला वर्षानुवर्षं जातात. घालवायला चिंच, मीठ आणि अर्धा तास पुरतो.

"हिनं घासलं!" सर कडाडले. "मी जरा बँकेत गेलो, तेवढ्यात. इतिहास धुऊन टाकला हो! पण हिला काय त्याचं? हिच्या माहेरहून आलं काय, तर लोणच्याची एक बरणी."

"दोन होत्या," त्यांच्या पत्नी सुमनताई चहा घेऊन येत म्हणाल्या. "एक तुम्ही फोडलीत."

हा बरणीचा विनोद त्या घरात चाळीसेक वर्षं चालू असावा. सर हसले, ताई हसल्या नाहीत.

मी विचारलं, "सर, हे पेशव्यांनी दिलं, हे कशावरून?"

"माझे काका सांगायचे. अगदी ठामपणे."

ठामपणा हा पुरावा धरला तर मला ऑफिस बंद करावं लागेल. आम्हाला लागतो प्रोव्हेनन्स, म्हणजे वस्तूची कुळकथा. कुणाकडून कुणाकडे आली, आणि तसं कुठे लिहिलंय का.

मी टॉर्च काढला आणि घंगाळ फिरवून पाहू लागले. थर गेल्यामुळे काठाखाली ठिपके दिसले. पूर्वी भांड्यावर नाव छिन्नीनं ठोकून घालत, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. ही पार झिजली होती, पण लागली: 'मथुराबाई'. त्याखाली, जरा नवं: 'मथुराबाईकडून चि. द्वारकास'. आणि शेवटी मशीननं कोरलेलं, स्वच्छ: 'आई द्वारकाकडून चि. सुमनला, विवाहानिमित्त'.

मी टॉर्च सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे तुझ्या आईनं दिलं?"

"आजीचं ते. गीझर येईपर्यंत रोज मीच घासत होते. तुम्ही रोज त्यातलंच पाणी घेत होतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काका इतक्या ठामपणे सांगायचे! आणि बरणीवर तुम्ही इतके खूश." त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. "परवा फ्लेक्स आला, तेव्हा म्हटलं, आता चिंच भिजत घालावी."

मला हसू आवरेना. खरं सांगते, फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला पॅटिना गेल्याचं दुःख झालं नाही.

सरांनी टॉर्च बंद करून माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेटचं काय?"

"देते की. घडण हातानं ठोकलेली, तीन पिढ्या पक्क्या, पुरावा भांड्यावरच. पेशवे मात्र वगळते."

रविवारी मी मुद्दाम संमेलनाला गेले. घंगाळ स्टेजवर होतं. फ्लेक्सवर 'पेशव्यांकडून मिळालेले' या शब्दांवर पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर शिक्षकी वळणदार अक्षर: 'सुमनच्या माहेरून आलेले'. 'आमच्या मूळपुरुषास' तसंच राहिलं होतं. सरांनी माइकवर तिन्ही नावं वाचून दाखवली. तिसरं दोनदा वाचलं. पहिल्या रांगेत ताई पदर सारखा करत होत्या. नंतर जेवायला बसल्यावर दोन पुतण्यांनी बरणीचा विषय काढला, तर सरांनीच त्यांना गप्प केलं.

तेव्हापासून वस्तू कुणाचीही असो, तिचा इतिहास मी मालकाला नंतर विचारते. आधी विचारते, ती घासतं कोण?