होसतोडकुचा शुक्रवार

माझा भाऊ व्यंकोजी, आमचा अण्णा, स्वस्थ बसलेला मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. जेवताना फोन ताटाशेजारी, टीव्ही बघताना फोन मांडीवर. पेन्शनची काही बातमी आली की उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. समिती नेमली, समितीचा अहवाल येणार, अहवाल लांबला, कोणत्या तरी राज्यानं जुनी पेन्शन परत दिली, संघटनेनं मोर्चा काढायचं ठरवलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, तुझी पेन्शन येईल तेव्हा येईल, ही फरशी आधी झिजेल." तो हसला नाही.

नियम एका वाक्याचा आहे. कर्नाटक सरकारच्या नोकरीत जो एक एप्रिल दोन हजार सहाच्या आधी रुजू झाला, त्याला जुनी पेन्शन. म्हणजे निवृत्तीनंतर मरेपर्यंत ठरलेली रक्कम, आणि त्याच्यामागे बायकोलाही. त्या तारखेपासून पुढे जो आला, त्याच्या पगारातून दरमहा कापून बाजारात गुंतवतात आणि शेवटी जे हाती येईल ते त्याचं. अण्णा तीन एप्रिलला रुजू झाला. सोमवारी.

आमचे वडील, विठोजी, एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. नोकरीत असतानाच गेले, म्हणून अनुकंपेवर अण्णाला त्याच खात्यात, बंगळुरातल्या पीण्या भागातल्या कार्यालयात कारकुनाची जागा मिळाली. नेमणुकीचं पत्र रजिस्टर पोस्टानं मंगळवारी आलं, अठ्ठावीस मार्चला. आईनं सही करून घेतलं. बुधवारी सूर्यग्रहण. ग्रहणात कोणी नोकरी सुरू करतं का? गुरुवारी उगादी, म्हणजे पाडवा, कार्यालयच बंद. राहिला शुक्रवार, आणि शुक्रवारी होसतोडकु.

बंगळुरात ज्यांच्या घरी मटण शिजतं त्यांना होसतोडकु म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उगादीचा दुसरा दिवस. त्या दिवशी जे कराल ते वर्षभर करत राहाल अशी समजूत, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून पोटभर मटण जेवायचं. बाबा गेल्यापासून वर्षभर आमच्या घरात सण नव्हता. वर्षश्राद्ध झालं आणि हा पहिलाच होसतोडकु आला. अण्णा शर्ट इस्त्री करून तयार होता. आई म्हणाली, "आज नको रे. आज तिघं मिळून जेवू, म्हणजे वर्षभर तिघं मिळून जेवू. सोमवारी जा." शर्ट खुंटीला लागला. मटण फार झणझणीत झालं होतं आणि मी दोनदा वाढून घेतलं होतं. तेव्हा नव्या पेन्शनबद्दल आमच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हतं.

अण्णाला ते कळलं पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवरून. मला त्यानं चार वर्षांनी सांगितलं आणि आईला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली. आईला बाबांच्या मागे कुटुंब पेन्शन मिळते, जुन्या नियमातली. तिचे गुडघे गेलेत, म्हणून दर महिन्याला अण्णाच ती बँकेतून काढून तिच्या हातात देतो.

दोन हजार चोवीसमध्ये सरकारनं आदेश काढला, की ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची आहे ते नंतर रुजू झाले असले तरी जुन्या पेन्शनीत येऊ शकतात. अण्णानं पेढे आणायला पैसे काढले आणि मग परत खिशात ठेवले. अनुकंपेच्या नेमणुकीला जाहिरात कुठली असायला? आपल्यासारख्यांचं काय, हे त्याला कोणी धड सांगेना. दीड वर्ष तो ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेला. शेवटी त्याच्याच कार्यालयातला सुपरिंटेंडंट नागराज, जो मनानं चांगला आहे, त्यानं वाट काढली. पत्राची पोचपावती फायलीत नव्हतीच. पत्र एक एप्रिलला मिळालं असं आईनं प्रतिज्ञापत्र केलं, तर उशीर खात्याचा ठरेल आणि केस वर पाठवता येईल. पुढे नवा कायदा काय येईल सांगता येत नाही, म्हणून लवकर करा.

रविवारी अण्णा टाईप केलेला कागद घेऊन आला. मी आईकडेच होते. उभ्याउभ्याच त्यानं तो आईपुढे धरला.

"सही कर आई. ऑफिसचं काम आहे."

आईनं चष्मा लावून सगळं वाचलं. "हे चुकलंय रे. पत्र मंगळवारी आलं. ग्रहणाच्या आदल्या दिवशी."

"स्वल्प इकडंतिकडं असतं. तू कर सही."

"पण का?"

तो खिडकीशी गेला, परत आला, पेन उघडलं, बंद केलं. माझ्यानं बघवेना. शपथ गेली खड्ड्यात, असं म्हणून मी सगळं सांगून टाकलं. तारीख, शुक्रवार, मटण, सगळं.

आईनं चष्मा काढला. मग म्हणाली, "माझी पेन्शन आणून देतोस तेव्हा काय वाटतं तुला?"

"राग येतो," अण्णा म्हणाला.

"माझा?"

"तुझा. मग तू जेवायला वाढतेस, आणि माझाच येतो."

आईनं तो कागद घडी करून बाजूला ठेवला. "हर्षिता, कोरा कागद आण. मी सांगते तसं लिही." तिनं सांगितलं ते मी लिहिलं: पत्र अठ्ठावीस तारखेला मिळालं. ग्रहण होतं, उगादी होती, दुसऱ्या दिवशी होसतोडकु होता. मुलगा निघाला होता, मी जाऊ दिलं नाही. त्याचा दोष नाही.

"ह्यानं पेन्शन मिळायची नाही आई," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "ह्यानं होती ती आशाही जाईल."

"सरकारात माणसंच बसतात ना? त्यांच्या घरी होसतोडकु नसतो? त्यांना कळेल. आणि नाही कळलं, तर पोरगं आळशी नव्हतं एवढं तरी तिथं लिहिलेलं राहील. चल, मीच देते."

मला तिचा अभिमान वाटला आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं.

सोमवारी आम्ही रिक्षा करून पीण्याला गेलो. दोन जिने चढायला आईला वीस मिनिटं लागली. नागराजनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद वाचताना मान खाली घातली. आई त्याच्याशी कानडीतच बोलली.

"अम्मा," तो म्हणाला, "हा कागद फायलीला लागला तर मुलाची केस इथंच संपते. घेऊन जा. मी पाहिलाच नाही."

"खरं आहे ते लिहिलंय. तुम्हीच सांगा, त्या शुक्रवारी तुम्ही कुठं होता?"

नागराजनं अण्णाकडे पाहिलं. अण्णा भिंतीकडे बघत होता.

"घरीच होतो अम्मा," नागराज म्हणाला. "रजा टाकून जेवत होतो. फक्त मी आठ महिने आधी रुजू झालो होतो."