माझ्या खिशातले चित्र

आमच्या घरात या प्रकरणाच्या तीन हकिकती सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. नायगावची माझी थोरली बहीण म्हणते, सुनेने पोरीला लाडावून ठेवले. मुलगा लातुरात इतर पालकांना सांगतो, बाबांनी चित्रांची वहीच फेकून दिली. सून माझ्या वयाची कीव करते आणि म्हणते, बाबांच्या काही लक्षात आले नाही. खरे काय घडले ते मी सांगतो.

माझी सात वर्षांची नात स्वमग्न आहे; तिला बोलता येत नाही. लातूरच्या उपचारताईंनी तिला चित्रांची वही करून दिली. पाणी, भात, झोका. हवे ते चित्र चिकटपट्टीवरून सोलायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. त्यात लाल फुलीचे एक होते: नको.

दिवाळीला सगळे चाकूरला आले होते. बहीण मुका घ्यायला वाकली, तशी नातीने ती फुली तिच्या हातावर ठेवली. बहीण पाहुण्यांदेखत म्हणाली, "काय गुरुजी, गावाच्या लेकरांना शिस्त लावलास, अन् घरात हे? तोंडानं बोलंना, पर चिठ्ठीनं न्हाई म्हणायली! लई भारी हाय बाबा!"

पाहुणे हसले. वडीलधाऱ्यांना नको म्हणायची रीत माझ्या घरात नव्हती. मी तेवढे एक चित्र बहिणीच्या हातातून घेतले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. वही जागच्या जागी होती.

दुपारचा वरणभात तिला मीच भरवीत असे. दोन दिवसांनी ती घासाआधी वही उघडू लागली. रिकाम्या पट्टीवर बोट घासायची, थांबायची, पुन्हा घासायची. मी ते पाहिले. ती काय शोधते आहे हेही मला कळले. मी म्हणालो, "ते न्हाई आता. आ कर, बेटा."

तिने आ केला.

असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी ताप चढला, तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचे तोंड पाहिले. जिभेखाली, गालांच्या आत, घशापर्यंत फोडच फोड होते. माझ्या वरणात तिखटाची फोडणी असे.

त्याच संध्याकाळी मी चित्र परत लावले. घामाने त्याचा कोपरा दुमडला होता.

आता मीच लातूरला जातो. आईला ती पाणी मागते, बापाला झोका. मी जवळ बसलो की लाल फुली सोलते आणि माझ्या तळहातावर ठेवते. मुलगा म्हणतो, "मनावर घेऊ नका, बाबा. तिला तेवढं कळत न्हाई."

हे मात्र मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही. चौतीस वर्षे मी मुलांची उत्तरे तपासली आहेत. तिला कळते. परवाही तिने ते मला दिले. मी ते वहीत, तिच्या हाताला लागेल असे, नीट दाबून बसवले आणि उठून दुसऱ्या खोलीत गेलो.