अर्ध्या पुस्तकांची अदलाबदल

आमच्या पुस्तकवाल्या मंडळींत कुणी कुणाला ‘कशी आहेस’ असं विचारत नाही. ‘सध्या काय वाचून राहिली?’ एवढंच विचारतात. गुडघे, मुलांची लग्नं, सुनांचे स्वभाव हे सगळं त्या उत्तरात आपोआप येतं. निम्मी मंडळी अमरावतीची, निम्मी अकोल्याची. महिन्यातल्या एका रविवारी कधी इकडे, कधी तिकडे जमतो. आम्हा अमरावतीकरांच्या मते अमरावतीत पुस्तकं वाचतात आणि अकोल्यात बाजारभाव. अकोलेकरांचं मत याच्या बरोबर उलट आहे. एरवी मोबाइलवरच्या ग्रुपवर हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, खाली ‘सध्या हे’ असं लिहायचं आणि बाकीच्यांनी जळायचं, अशी साधी पद्धत.

मागच्या वर्षी मी असाच एका रहस्यकादंबरीचा फोटो टाकला. ते पुस्तक मी मुरवत मुरवत वाचत होते. खुनी कोण या विचारात वरणात दोनदा मीठ पडलं होतं. फोटो टाकून मिनिटही झालं नसेल, तेवढ्यात अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘मस्त आहे वं. नवऱ्यानंच मारलं असंल असं मले तर बिलकुल वाटलं नोतं.’

तो नवरा तोवर माझा लाडका होता. पुस्तकातला, म्हणजे. मी तिला तडक फोन लावला.

“काहून सांगतलं तू?”

“अवं, दहाव्या पानावर कळते ते. तुले कळलं नाही काय?”

चूक तिची आणि अक्कल काढली माझी! मी फोन ठेवला तो ठेवलाच.

कॉलेजपासूनची ही माझी मैत्रीण, आणि तेव्हापासून तिच्या पोटात काही राहत नाही. माझ्या लग्नात हिने माझ्या सासूबाईंना पंगतीत वाढता वाढता सांगितलं होतं, की पोरगी गुणाची आहे, भाकरी तेवढी येत नाही. त्या वेळी मी हसले होते. खुनी सांगितल्यावर मात्र हसू आलं नाही. माणसाचं काय कुठे दुखेल याचा नेम नसतो.

अबोला लांबत गेला आणि त्यातच माझी मोठी बहीण गेली. आजारपण थोड्या दिवसांचं, आम्हाला नीट घाबरायलाही वेळ मिळाला नाही. मैत्रीण अकोल्याहून आली. आल्या-गेल्याला चहा केला, ढीगभर कपबशा विसळल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. निघताना माझ्यापाशी उभी राहिली, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मीही गप्प राहिले. राग तर कधीच विरला होता. आधी कोणी बोलायचं, एवढंच अडून राहिलं होतं, आणि तेवढ्यावरून ही मैत्री हातची जाते की काय अशी मला आतून भीती वाटायला लागली होती.

आमच्यातले वडीलधारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी अमरावतीच्या बैठकीत, गिला वड्याची दुसरी प्लेट संपवून, नवा नियम काढला. प्रत्येकाने सध्या वाचत असलेलं पुस्तक निम्म्यावर सोडायचं आणि चिठ्ठीत निघेल त्या जोडीदाराला द्यायचं. जोडीदाराने खुणेपासून पुढे वाचायचं. पुढच्या बैठकीत एकाने पहिला भाग सांगायचा, दुसऱ्याने उरलेला. “म्हणजे शेवट फोडायची सोयच नाही,” सर म्हणाले आणि कुणाकडेही न बघता चष्मा पुसायला लागले. चिठ्ठ्या त्यांनीच केल्या, उचलल्याही त्यांनीच. आमच्या दोघींची जोडी निघाली. या योगायोगाबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका होती आणि आजही आहे.

तिने मला गावच्या निवडणुकीवरची एक जाडजूड कादंबरी दिली. मी तिला दोन बहिणींची गोष्ट दिली. ताई गेल्यापासून माझं मन जरा रमलं असेल तर त्या पुस्तकात. दोघी बहिणी भांडत, एकमेकींच्या साड्या पळवत, लोणच्याच्या फोडीवरून रुसत. खूण घालून ते पुस्तक दुसऱ्याच्या हातात देताना जीव वरखाली झाला.

आठवडाभर मी दम धरला. मग नियम गेला चुलीत म्हणत वाचनालयात गेले, दुसरी प्रत मिळवली आणि पंख्याखालची खुर्ची पकडून उरलेलं तिथेच वाचून काढलं. मोठी बहीण आजारी पडते, आणि शेवटी जाते. मी वाचनालयात नाक पुसत बसले. ग्रंथपालबाईंना सर्दी वाटली. त्यांनी येऊन पंखा बंद केला, त्यामुळे उकडायलाही लागलं.

आता खरी पंचाईत पुढे होती. अकोल्याची बैठक तिच्याच घरी, जुन्या शहरात, आणि हा शेवट सगळ्यांसमोर मला सांगणार होती ती. ती कसं सांगेल ते मला पाठ होतं. ‘मोठी मरते,’ असं म्हणून सांबारवडीचं ताट पुढे करेल. तिच्या मनात वाईट नसेल, पण मला ते सोसवणार नाही. मी उठून जाईन, आणि एकदा तशी उठले की त्या घरात परत पाऊल पडायचं नाही. न जाण्याची कारणं मी खूप शोधली. पण बैठकीला न जाणं म्हणजेही मैत्री संपवणंच होतं. गेले.

त्यांच्या गच्चीखालच्या खोलीत कूलर धडधडत होता. आधी निवडणुकीची गोष्ट झाली. तिने पहिला भाग सांगितला, मी उरलेला भाग सरांकडे बघत उरकला. मग बहिणींचं पुस्तक आलं. माझ्या वाट्याचं मी सांगितलं, आणि तिने पुस्तक मांडीवर घेतलं.

सांगते मात्र झकास! साड्यांवरचं आणखी एक भांडण असं रंगवलं की सर ठसका लागेपर्यंत हसले. मग आजारपण आलं. ती थांबली, पाणी प्याली. माझ्याकडे पाहिलं नाही.

“मंग मोठी भल्ली बिमार पडते,” ती म्हणाली. “दवाखान्यात नेतेत. आन् मंग... बरी होते.”

“बरी होते?” सरांनी विचारलं. “लगेच?”

“हो. डॉक्टर चांगला होता.”

“शेवट जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.”

“ते लेखकाले जाऊन सांगा, सर. म्या जे वाचलं ते सांगून राहिली.”

जिला आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही, ती सगळ्यांदेखत, अख्खं पुस्तक मांडीवर घेऊन, माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती. मला खरा शेवट माहीत आहे, हे तिला माहीत नव्हतं. मला इतकं भरून आलं की हातातला कप खाली ठेवावा लागला. ‘मला ठाऊक आहे सगळं’ असं म्हणून तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मग मोठी बहीण पुन्हा गेली असती.

“आन् मंग?” मी विचारलं. इतक्या महिन्यांनी तिच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

तिने चटकन वर बघितलं. मग पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“मंग काय, घरी येते. उन्हाळ्यात दोघी मिळून लोणचं घालतेत. पुन्हा भांडतेत.”

“आन् मंग?”

“लहानीच्या मुलीचं लगन होते. मोठी मांडवात साऱ्याइवर हुकूम सोडते. तिचे केस पिकतेत, पण रंग लावत नाही.”

सर चष्मा पुसायला लागले. मी ‘आन् मंग’ म्हणत गेले, ती सांगत गेली, आणि मी मोठ्या बहिणीला म्हातारी होताना ऐकत राहिले.